मागच्या सीटवरचं वाचन

मोतीबिंदू काढल्यापासून आई पाट्या वाचते. आधी उजवा डोळा झाला, तीन महिन्यांनी डावा. काळा चष्मा उतरला त्या दिवशी रिक्षातून घरी येताना ती एकदम म्हणाली, "येथे झेरॉक्स, लॅमिनेशन व पासपोर्ट फोटो त्वरित मिळतील." मला वाटलं, तिला कसला तरी कागद करून हवाय. तसं काही नव्हतं. दिसत होतं म्हणून ती वाचत होती. तेव्हापासून गाडीत बसली की तिचं मागच्या सीटवर सुरू होतं. उसाचा ताजा रस. एन. ए. प्लॉट विकणे आहे. भावपूर्ण श्रद्धांजली. पुढे गतिरोधक आहे. रोग्याच्या नकळत दारू सोडवा. सगळं एका सुरात, रेडिओवर बाजारभाव सांगावेत तसं.

सवय मुळात अण्णांची, माझ्या वडिलांची. एसटीत ते मला खिडकीशी बसवायचे आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायला लावायचे. मैलाच्या दगडाचं टोपडं पिवळं असलं तर रस्ता राष्ट्रीय, हिरवं असलं तर राज्याचा, हे भूगोलाच्या पुस्तकाआधी मला त्यांच्याकडून कळलं. त्यांची एक अट असायची. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं बारीक अक्षरात नाव असे, तेही वाचायचं. "एवढं सगळं ज्यानं लिहिलं त्याला वगळतोस होय रे?" असं म्हणत. पुढे फ्लेक्स आले आणि तो कोपरा रिकामा झाला. म्हणजे तो भरला, पण वाढदिवसाच्या शुभेच्छुकांनी.

अण्णांचं एक राहून गेलं होतं. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठी लिहिलंय, ते एकदा वाचून यायचं, असं ते दर दोन वर्षांनी म्हणायचे. रेल्वेचं टाइमटेबल उघडायचे आणि मिटायचे. यंदा जानेवारीत आईनं विषय काढला. "आता दिसतंय तोवर जाऊन येऊ." अकरा वर्षांची गाडी, शहात्तर वर्षांची आई, मी आणि माझी बायको. बायकोनं नकाशा हातात घेतला आणि सरळ हायवे सोडून वाट वाकडी करत नेली. जाऊन येऊन तीन हजारांच्या आसपास किलोमीटर.

पहिला मुक्काम पंढरपूर. देवळात यादवांच्या काळातला चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, देवाला दान देणाऱ्यांची नावं कोरलेला. त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत. आईनंही लहानपणी आपल्या आजीबरोबर पाठ घासलेली. शतकानुशतकं माणसं त्या अक्षरांपाशी आली ती पाठ फिरवून, आणि त्यांतल्या बहुतेकांना एवढंच वाचन ठाऊक होतं. मला ते हास्यास्पद वाटत नाही. पुढच्या आठ दिवसांत तर अजिबात वाटेनासं झालं.

मंगळवेढा मागे पडलं. दोन्हीकडे काळी रानं, मालदांडी ज्वारी कणसात आलेली, मधूनच हुरड्याचा धूर. आईचं चालूच होतं. मग पाट्या विरळ झाल्या, मग एका गावात एकाच भिंतीवर खताची जाहिरात अर्धी मराठीत, अर्धी कानडीत. त्यानंतर मागची सीट गप्प झाली. सीमा कधी ओलांडली ते मला रस्त्यावरून कळलं नाही, त्या गप्प होण्यावरून कळलं. आरशात पाहिलं तर आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत नव्हते. थोड्या वेळानं म्हणाली, "पुन्हा मोतीबिंदू आल्यासारखं झालं बघ."

विजापूर आता विजयपुरा झालंय, पण आमच्या तोंडी विजापूरच. गोलघुमट बघितला, घुमटाखालच्या सज्जात आईनं अण्णांच्या नावानं हाक मारली आणि ती हाक भिंतीनं परत परत दिली. त्यावर कुणी काही बोललं नाही. मी मात्र जास्त रेंगाळलो ते इब्राहिम रोजात. दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ मध्ये वारला, तो इथे आहे. कबरीच्या दालनाच्या खिडक्यांवर दगडी जाळ्या आहेत आणि जाळीची नक्षी म्हणजे चक्क अरबी अक्षरं. अक्षर आणि अक्षर यांच्यामधली जागा कोरून काढलेली, तिथूनच आत उजेड येतो. बाहेर उभं राहिलं तर नुसतं दगडी विणकाम, आत गेलं की ओळी उजळतात. आपल्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. कदाचित म्हणूनच ती इतका वेळ बघता आली. लागलं असतं तर अर्थ कळताच मी पुढे निघालो असतो, पाटी वाचून झाल्यासारखा. याच आदिलशाहीत महसुलाचे हिशेब मराठीत लिहिले जात, शहाजीराजे याच दरबारचे सरदार, हे मी आईला सांगत होतो. तिचं लक्ष फरशीवर पडलेल्या कवडशांकडे होतं.

दुपारी जेवायला गेलो तिथली पाटी कानडीत. आत जोळद रोट्टी, येण्णेगायी, शेंगाचटणी. वाढणारा पोरगा आमचं बोलणं ऐकून मराठीत बोलायला लागला. आईनं त्याला बाहेर नेऊन विचारलं, "हे काय लिहिलंय रे?"

"खानावळी."

"खानावळ?"

"हां आजी, खानावळी."

आई त्या पाटीकडे बघत राहिली. शब्द घरचा, कपडे परक्याचे. मग तिनं त्याच्याकडून एकेक अक्षर कुठे सुरू होतं, कुठे संपतं ते बोटानं दाखवून घेतलं. पुढच्या चाळीस किलोमीटरमध्ये तिनं चार 'खानावळी' ओळखल्या. पाचवी ओळखली ती पतपेढी निघाली.

हंपीला तिला अंकलिपी सापडली. विठ्ठलाच्या देवळासमोरचा दगडी रथ पाहून तिनं कमरेची पिशवी उघडली आणि पन्नासची नोट काढून ताडून पाहिली. रथ तोच. नोटेच्या त्याच बाजूला कडेला पंधरा भाषांमध्ये 'पन्नास रुपये' लिहिलेलं असतं. आयुष्यभर हाताखालून नोटा गेल्या, ती पट्टी मी कधी वाचली नव्हती. चौथी ओळ कानडी. तेरावी तमिळ, चौदावी तेलुगू. कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत मात्र एकाच लिपीत. त्या दिवसापासून ती नोट खर्चायची नाही असं ठरलं. समोरच्या पाटीवरचं एखादं अक्षर नोटेवरच्या 'रुपये'मध्ये आहे का, हे शोधण्यात तिचे तासन्‌तास जायचे. देवळाचा गाभारा रिकामा आहे. मूर्ती कृष्णदेवरायानं नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरपुरी परत आणली, अशी कथा आहे. आईनं रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडले. "परवाच तर भेटलो," म्हणाली.

चित्रदुर्गाच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. पवनचक्क्यांच्या रांगा, ऊन, आणि स्टेपनीत हवा कमी. (स्टेपनी तपासली का, हे बायकोनं निघतानाच विचारलं होतं. तो विषय इथेच सोडतो.) पंक्चरवाला शोधायला मी चालत निघालो. पाट्या होत्या पुष्कळ, त्यांतली एकही मला काही सांगत नव्हती. तेवढ्यात बाभळीच्या फांदीला टांगलेला एक जुना टायर दिसला आणि जिवात जीव आला. या पाटीला लिपी नाही. पुण्याजवळही तो तसाच टांगलेला असतो आणि पुढे तमिळनाडूतही तसाच दिसला. पत्र्यावर केळीचं पान काढलं की जेवण, आरसा आणि उंच खुर्ची दिसली की न्हावी. अक्षरं यायच्या आधी बाजार असाच चालत असणार.

श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या अनवाणी चढायच्या. आई खाली बसली. आम्ही दोघं वर गेलो. गोमटेश्वराची मूर्ती सत्तावन्न फुटांची, एका दगडातली. त्या शांत चेहऱ्याकडे बघता बघता मान अवघडते. शेवटी मान खाली घातली की पायांशी अक्षरं दिसतात. शाळेत ज्याला मराठीतलं पहिलं वाक्य म्हणून पाठ केलं होतं ते हे. कुणी त्याच्या सालाबद्दल वाद घालतात, कुणी अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाला आधीचा मानतात. मला तो वाद सोडवायचा नव्हता. कर्नाटकात, कानडी आणि तमिळ ओळींच्या शेजारी, नागरीतल्या त्या दोन ओळी बसल्यात. मूर्ती चावुंडरायानं करवली, आणि पुढे, बाराव्या शतकात, भोवतीचं 'सुत्ताले' गंगराजानं करवलं. बस. सुत्ताले म्हणजे सभोवारचा प्राकार, आणि हा शब्द कानडी.

खाली येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे बाकावर लिहितात तसंच की. कैलासवासी अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ."

मी रागावणार होतो, पण तिचं खरं होतं. इतक्या जुन्या काळातून आपल्यापर्यंत पोचलेली मराठी ना कविता, ना प्रार्थना. कुणी काय बांधलं त्याची ती पाटी. अण्णांना ते आवडलं असतं. कोपऱ्यातलं नाव.

म्हैसूर मागे टाकून चामराजनगरवरून दिंबमचा घाट उतरलो. सत्तावीस वळणं, प्रत्येक वळणावर त्याचा आकडा लिहिलेला. आईनं सत्तावीसच्या सत्तावीस आकडे मोठ्यानं म्हटले. घाटाखाली सपाट, गरम, नारळाचा मुलूख आणि तमिळ. आता देवनागरी रेल्वे स्टेशनच्या फलकापुरती उरली. कानडीची गोल अक्षरं जिलबीसारखी वाटत होती, इथे कोपरे आले. एक अक्षर तर वरून उघड्या खोक्यासारखं. तो 'प', हे नोटेवरच्या 'ऐंबदु'नं शिकवलं. पण तिथेच घोळ झाला, कारण लिहिलेला 'प' आणि बोललेला 'ब'. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. प, फ, ब, भ यांनाही एकच. उच्चार कुठला करायचा ते जागेवरून ठरतं. "काटकसरी दिसतात," आई म्हणाली, आणि मग विचार करून, "पण पाहुणा आला की अडचण होत असेल." करूरपासून त्रिचीपर्यंत रस्ता कावेरीच्या काठाकाठानं जातो. त्या सबंध वाटेवर ती गप्प होती, पण ते वेगळं गप्प होतं. नदी पाटीशिवाय ओळखू येते.

तंजावरला दुपारी खानावळीत, म्हणजे मेसमध्ये, कारलं आणि डाळीचं 'पिटलै' वाढलं. हा शब्द आपल्या पिठल्यापासून गेला असं सांगतात. आईनं चमच्यानं ढवळून पाहिलं. "यात पीठ कुठाय?" भाताशी कालवून दोनदा मागून घेतलं मात्र.

मोठ्या देवळात आम्ही संध्याकाळी गेलो. राजराज चोळानं ते पुरं केलं १०१० मध्ये. दोनशे फुटांहून उंच विमान, आणि त्याच्या जोत्यावर हाताच्या उंचीपासून तमिळ अक्षरांच्या ओळीच ओळी. देवाला दिलेले दागिने, दिवे, गाई. त्यातच देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे. नुसती नावं नाहीत. कुठल्या गावच्या देवळातून आली, इथे कुठल्या रस्त्यावर, कुठल्या बाजूला, कितवं घर तिला दिलं. हजार वर्षांपूर्वीची चारशे घरांची पत्त्यासकट पाटी. रस्ते गेले, घरं गेली, पत्ते शाबूत. मी त्या जोत्यावर हात ठेवून उभा राहिलो. वाचता येत नव्हतं, पण माहीत होतं, आणि ते वाचण्यापेक्षा फार कमी नव्हतं. निदान त्या वेळी तसं वाटलं.

मग नैर्ऋत्येकडच्या ओवरीत गेलो. भिंतीवर पुरुषभर उंचीपर्यंत मराठी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या घराण्याची सबंध बखर दगडावर कोरून घेतली. तोवर राज्य कंपनीच्या हाती गेलेलं. राजांकडे तंजावरचा किल्ला उरला होता आणि सांगायला इतिहास. शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजी इकडे आले तिथून सव्वाशे वर्षं उलटलेली. भोवती सगळा तमिळ मुलूख. कोण वाचणार होतं हे? पण लिहिलं, आणि अशा दगडावर लिहिलं की जो सहजी पुसत नाही.

आईनं चष्मा पुसला. भिंतीपासून वीतभर अंतरावर बोट धरलं आणि सुरू केलं. तोच सूर, बाजारभावाचा. अक्षर बारीक, काही झिजलेलं, जुन्या वळणाचं. ती अडखळायची, मागे जायची, पुन्हा धरायची. राजे. भोसले. मग एक न लागलेला शब्द. मग महाराज. सहलीला आलेल्या शाळकरी पोरांचा घोळका आमच्यामागे थांबला. त्यांच्या बाईंनी बायकोला विचारलं, कुठली भाषा? "मराठी." पोरांना नवल वाटलं ते लिहिण्याचं नाही, कुणीतरी ते वाचतंय याचं. रोजच्या देवळातली ती भिंत त्यांच्या लेखी आजवर मुकी होती. एका मुलीनं आईच्या बोटाखालचा शब्द काय म्हणून खुणेनं विचारलं. आई म्हणाली, "भोसले." पोरं एकसाथ म्हणाली, "पोसले!"

आई हसली. "तेही खरंच आहे म्हणा. इथल्या मातीनं पोसलेच की."

दुसऱ्या दिवशी सरस्वती महाल. सरफोजींनी वाढवलेलं हे ग्रंथालय. मांडून ठेवलेल्या वस्तूंत ताडपत्रं होती. लेखणीच्या आडव्या रेघेनं पान चिरतं, म्हणून दक्षिणेतली अक्षरं गोल झाली, असं सांगतात. सरफोजींच्या धन्वंतरी महालात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होत असे, रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून नोंदी ठेवल्या जात. हे सांगितल्यावर आईनं नकळत डाव्या डोळ्याला हात लावला. मग ती एका कपाटापाशी थांबली. काचेखाली एक कागद, तपकिरी पडलेला. वर एक आडवी रेघ, त्या रेघेला लोंबणारी, एकमेकांत अडकलेली अक्षरं. बोरू न उचलता ओळच्या ओळ.

"वाच," ती म्हणाली.

मी वाकलो. मोडी. मराठीच ती, घरचीच. आणि मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. कानडी, तमिळ येत नाही याचं काही वाटत नव्हतं, आपलं नव्हेच ते. हे आपलं होतं. माझे आजोबा कुळकर्णी. त्यांचं सगळं दप्तर याच लिपीत. त्यांना बोटांत यायची, अण्णांना जेमतेम, मला अजिबात नाही. तीन पिढ्यांत पुरतं आंधळेपण, आणि शस्त्रक्रिया कुणाला सुचली नाही.

आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मग हळू म्हणाली, "असलेच होते मामंजींचे. लाल फडक्यात बांधलेले रुमाल. वाडा विकला तेव्हा माळ्यावरून काढले. दोन पोती भरले."

"मग?"

"मग काय. कुणाला वाचता येत नव्हतं. बंबात घातले. महिनाभर पाणी तापलं."

बायकोनं तिचा हात धरला. आई रडत वगैरे नव्हती. ती नुसती हिशेब सांगत होती, दोन पोती, एक महिना.

परतीची वाट लांबची होती. बंगळूर, अनंतपूर, कर्नूल, हैदराबाद. दोन राज्यं आम्ही जवळजवळ पळत ओलांडली, कारण माझी रजा संपत होती. तेलुगू अक्षरं कानडीच्या सख्ख्या बहिणीसारखी, फक्त डोक्यावर बरोबरची खूण. शाळेतल्या बाईंनी प्रत्येक अक्षर तपासून टिक केल्यासारखी. आईनं हे नोटेवर पडताळून पाहिलं आणि नोट पिशवीत ठेवली. ती थकली होती. जहिराबादच्या पुढे तिची मान कलली.

उमरग्याच्या अलीकडे अंधार पडला. हेडलाइटच्या उजेडात पहिला मराठी फलक आला आणि गेला. मला उगीचच घशाशी काहीतरी आलं. दुसरा आला. येथे गावरान अंडी मिळतील. तिसरा. मी कधी मोठ्यानं वाचायला लागलो ते मला कळलं नाही.

"हळू," बायको म्हणाली. "आई झोपल्यात."

मी आवाज उतरवला. एका ढाब्याच्या आवाराची भिंत होती, हातानं रंगवलेली, पिवळ्यावर तांबडी ठसठशीत अक्षरं. शुद्ध शाकाहारी. पिठलं, भाकरी, ठेचा. चहाची सोय. फॅमिली रूम.

मागच्या सीटवरून, डोळे मिटलेलेच असावेत अशा आवाजात, आई म्हणाली, "कोपऱ्यातलं नाव राहिलं."

तोवर भिंत मागे गेली होती. मी आरशात पाहिलं, पण आरशात अक्षरं उलटी दिसतात, आणि तीही अंधारात.